ट्रकपुढे बसलेली राही

माझं नाव नम्रता. ऐकून घ्या आणि विसरून जा, कारण ज्यांनी ते ठेवलं त्यांना माझा स्वभाव माहीत नव्हता. घरी मी काशी. पहिलीत नाव घालायला आईने नेलं तेव्हा बाई म्हणाल्या, "काशी काय! म्हातारीचं नाव आहे," आणि स्वतःच नम्रता लिहून मोकळ्या झाल्या. आईला कुणी विचारलं नाही. धसईच्या पुढे, गावाच्या कडेला आमची कातकऱ्यांची वाडी. तिथल्या निम्म्या पोरांची नावं अशीच शाळेत बदललेली आहेत.

तर ही नम्रता मुकणे समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय, शहापूर-मुरबाडमधून वीटभट्टीवर जाणाऱ्या बायका. म्हणजे माझी आई, माझ्या आत्या, माझ्या मावश्या. माझ्या गाइड प्रमिला मॅडम मनाने चांगल्या, पण नियम म्हटला की हलणार नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं, "प्रबंधात कुणाचं खरं नाव यायचं नाही. गरीब माणसं आहेत, त्रास होतो त्यांना. नावं बदल. आणि त्यांच्याच समाजातली दे, म्हणजे खरी वाटतील."

मला पटलं. मी नावं बदलली, वाडीत नेहमी असतात तीच घेऊन.

चौथं प्रकरण राही आत्याचं. चार वर्षांपूर्वी ती लांब खाडीकडच्या भट्टीवर होती. सून छाया पोटुशी. कामावर असतानाच तिला कळा सुरू झाल्या आणि तिथला मुकादम म्हणाला, ट्रक भरून जाऊ दे, मग बघू. आत्याने डोक्यावरच्या विटा खाली टाकल्या, जाऊन ट्रकच्या पुढ्यात मातीत बसली आणि म्हणाली, "घाल अंगावर." तिच्या मागे बाकीच्या बायका येऊन बसल्या. शेवटी मुकादमाच्याच गाडीतून छायाला दवाखान्यात नेलं. पोरगी झाली. आता अंगणवाडीत जाते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आजीवर गेली आहे.

माझी एक पद्धत आहे. लिहिलं की वाडीत वाचून दाखवायचं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी ऐकायला नको? समाजमंदिराच्या ओट्यावर मी चौथं प्रकरण वाचायला घेतलं. "बाळी ट्रकसमोर बसली," इथवर आले आणि राही आत्याने हात वर केला.

"ही बाळी कोण गो?"

"तूच, आत्या."

"मी राही. बाळी ती काय बुधूची बायको, तंबाखू मळत बसलीय."

सगळा ओटा हसायला लागला. बाळी वहिनी दचकली. "मी कवा बसले ट्रकापुढं? मी ट्रक बगून पळतंय!"

मी नियम समजावून सांगितला. त्रास होऊ नये म्हणून, वगैरे. आत्याने ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा उतरला होता. "शाळेत मास्तर नाव बदलतो," ती म्हणाली. "भट्टीवर तर नावच नाय, ए काळे, इकडं ये. आता आपली पोरगी लिवणार, तर ती पण बदलते. मग मी बसले कशाला?" पदर झटकून ती निघून गेली. मला इतकं वाईट वाटलं की पुढचं पान वाचवेना.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ओट्यावरचं बोलणं धसईच्या बाजारात गेलं आणि तिथून टोकावड्याला. जाता जाता त्यातली राही गळली आणि पुस्तकातली बाळी तेवढी राहिली. माणसं भट्टीवर न्यायला यंदा वाल्मिक मुकादम नवीन आला होता. दिवाळीनंतर तो माणसं ठरवायला वाडीत आला आणि म्हणाला, "बुधू नको, त्याची बायको नको. ट्रक अडवते म्हणे. पुस्तकात आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळी वहिनी आमच्या अंगणात. "तुझ्या पुस्तकानं माझ्या पोटावर पाय दिलान! मी कुणाचं वाकडं केलंय गो? तुला दुसरं नाव नाय गावलं?"

नियम बाळीला वाचवायला नव्हताच, राहीला वाचवायला होता, आणि मेली बाळी. संताप संताप झाला माझा.

राही आत्याला हे कळलं तशी ती उठली आणि सरळ टोकावड्याला गेली. मीही मागोमाग गेले. वाल्मिक मुकादम रस्त्याकडेच्या ढाब्यावर चारचौघांत चहा पीत बसला होता. आत्या त्याच्यापुढे उभी राहिली. "ट्रकापुढं मी बसले होते. राही सोमा वाघे. बाळी नाय. नाव नीट घे."

मुकादमाने कप खाली ठेवला. मग त्याने बाळीला घेतलं आणि राहीला गाळलं. परत येताना मी आत्याला म्हटलं, "बघ, नाव सांगितलंस आणि काम गेलं."

"जाऊ दे. भट्ट्या काय एकच हाय?" ती म्हणाली. "नाव नव्हतं तवा काय सुख होतं? आता लिव माझं नाव. नाय लिवलंस तर माझी गोष्ट काढून टाक."

मी लिहिलं.

मॅडमनी ते पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "नम्रता, मार्चमध्ये तुझी मुदत संपते. समिती हे पास करणार नाही. एका नावासाठी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात घालणार आहेस?" मी म्हटलं, "घालीन."

समितीत एक दाढीवाले सर होते. ते फार गोड बोलायचे. "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. फार तर राहीऐवजी नुसतं 'र' लिहा. आपलं काम या लोकांना जपायचं आहे."

"जपलंत की!" मी म्हटलं. "तुमच्या नियमाने बाळीचं काम जात होतं. राहीने आपलं नाव सांगितलं म्हणून ते वाचलं."

"तो अपवाद झाला."

"बरं. मग मीही त्याच वाडीतली आहे. त्या मुकादमाशी उद्या माझीही गाठ आहे. प्रबंधावरचं माझंही नाव बदला. लिहा, 'न'."

सर हसले. "असं कसं? काम तुमचं आहे. श्रेय तुमचं, जबाबदारी तुमची. नाव तर लागणारच."

"आणि ट्रकपुढे बसायचं काम कुणाचं होतं?"

सर कागद चाळायला लागले. मला वाटलं, गेलं सगळं, आता मुकाट्याने मुरबाडची एसटी धरायची. तेवढ्यात प्रमिला मॅडम बोलल्या, आणि त्या बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "सगळ्यांची नावं बदलायला मी सांगितलं होतं. बाळी हे नाव त्यामुळे आलं. ज्या बाईला स्वतःचं नाव हवं आहे तिचं राहू दे, ज्यांना नको त्यांची बदलू. गाइड म्हणून मी सही करते." दाढीवाल्या सरांनी आपला विरोध लिहून ठेवला. ठेवू देत, त्यांच्या नावासकट आहे तो.

पावसाळ्याआधी माणसं भट्ट्यांवरून परत आली. राही आत्याही आली. तिला कसाऱ्याकडच्या भट्टीवर काम मिळालं होतं. मी प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन ओट्यावर बसले आणि वाचलं, "राही सोमा वाघे ट्रकसमोर बसली."

"परत वाच," आत्या म्हणाली.

मी परत वाचलं. ती नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती. बाळी वहिनी मागून ओरडली, "आता बरं झालं बाय, मी सुटले!" ओटा हसला, आत्याही हसली, डोळे पुसत हसली. मग तिने प्रत हातात घेतली, मिटली, आणि वरच्या सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय?"

"माझं नाव. नम्रता मुकणे."

"ही नम्रता कोण गो?"

पुन्हा सगळे हसले. मी नाही हसले. म्हटलं, "आत्या, शाळेपासून तेच लागलंय. सगळ्या कागदांवर तेच आहे. एक बदललं तर सगळं बदलावं लागेल."

"मी ट्रकापुढं बसले," आत्या म्हणाली. "तुला कागद बदलता येत नाय?"

गॅझेटात नाव बदलायचा अर्ज परवा टाकला. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. पदवीच्या तोंडावर आता हे काय नवीन, म्हणून पुन्हा कपाळाला हात लावतील. लावू देत. आईला मात्र सांगितलं. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "त्या दिवशी बाईंना मी सांगत होते, काशी लिवा."