धरलेली भिंत

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला शिवरुद्र आप्पांनी उत्तर दिलं नव्हतं. निळ्या आंतरदेशीय कागदावरचं ते पत्र लिहिलेलं कमी आणि रंगवलेलं जास्त होतं. भुजंग पेंटरचा हातच तसा. कागद वहीएवढा असो की भिंतीएवढा, तो आधी पेन्सिलीनं दोन रेघा ओढणार आणि मग त्यांच्या मधे एकेक अक्षर बसवणार. ‘शिवरुद्र आप्पा यांस’ एवढ्या शब्दांना तर त्यानं उजव्या अंगानं सावलीसुद्धा दिली होती.

मजकूर थोडकाच होता. ‘आम्ही वालूरला सुखरूप पोचलो. घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर तुमची ती ओळ काढली आहे. लोक थांबून वाचतात. खाली उजव्या कोपऱ्यात नावाची जागा धरून ठेवली आहे. तुमचं नाव टाकू का? तुमचा जवाब आल्याशिवाय टाकणार नाही. वहिनींना नमस्कार.’

वहिनी, म्हणजे आप्पांची बायको गंगम्मा, पत्र यायच्या तीन आठवडे आधीच गेली होती.

आप्पा उत्तर लिहायला बसलेच नाहीत असं नाही. ‘पत्र पावलं’ इथवर गाडी नीट चालायची, पुढं अडायची. एक मसुदा फार कोरडा झाला, दुसरा रडका, तिसरा एखाद्या अर्जासारखा. सहा कागद फाडून झाले. महिना गेल्यावर आधी उशिराची माफी मागणं आलं, आणि ती कोणत्या शब्दांत मागावी या विचारात वर्ष सरलं. शेवटी त्यांनी ते पत्र जाड शब्दकोशात ठेवून दिलं आणि शब्दकोश वरच्या फळीवर.

पालमच्या वाचनालयात आप्पांनी बत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. हजारो पुस्तकांना नंबर घातले, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की ते कपाटाआड व्हायचे. भुजंगचं उलटं. तो सगळ्या गावाशी बोलायचा, फक्त कागदावर स्वतःचं वाक्य लिहायला बिचकायचा. ‘अक्षर माझं, मजकूर तुमचा,’ म्हणत तो वाचनालयात यायचा आणि आप्पा त्याला चिठ्ठीवर मजकूर लिहून द्यायचे. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, बियाण्याची भरलेली कणसं, सिमेंट, बिडी, निवडणुकीतली चिन्हं, असं सगळं त्यानं तालुक्याच्या भिंतींवर काढलं. सुरुवातीला गेरू, चुना आणि काजळी डिंकाच्या पाण्यात कालवून, पुढं डब्यातल्या तेलरंगांनी.

वाचनालयाच्या जुन्या इमारतीची बाहेरची भिंत खरवडताना एकदा खालून उर्दू अक्षरं निघाली. निजामाच्या अमलातली कसला तरी जाहीरनामा असावा. भुजंगला उर्दूचा गंध नव्हता, तरी तो तासभर ती बोटानं गिरवत बसला. ‘हात साफ हाय गड्याचा,’ म्हणाला. चुना मारण्याआधी त्यानं ती अक्षरं जशीच्या तशी एका वहीत उतरवून घेतली.

या धंद्याची एक रीत होती. ज्याला भिंत हवी त्यानं गेरूची चौकट मारून आत नाव टाकायचं. त्याला भिंत धरणं म्हणत. मग आतली बाकी जागा रिकामी का असेना, दुसरा कोणी पेंटर तिला ब्रश लावत नसे. निवडणुकीत एकमेकांच्या उरावर बसणारी माणसंसुद्धा धरलेली भिंत सोडून पुढं जायची. दुसरा दंडक भुजंगचा स्वतःचा होता. विचारल्याशिवाय कोणाचं नाव भिंतीवर चढवायचं नाही.

मग फ्लेक्स आले. रात्रीत छापायचे आणि सकाळी टांगायचे. भुजंगची कामं आटली आणि तो बायको-मुलीला घेऊन वालूरला आपल्या वडिलांच्या घरी गेला.

ज्या ओळीसाठी तो नाव मागत होता, ती तो वालूरला जाण्याच्या वर्षभर आधीची. वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवाला दर्शनी भिंतीवर काही तरी लिहायचं ठरलं आणि कमिटीनं आप्पांकडून मजकूर मागवला. आप्पांनी चिठ्ठी दिली : ‘आत या. बोलायलाच पाहिजे असं नाही.’

कमिटीत हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, “अहो, हे वाचनालय हाय का दवाखाना? यात उपदेश कुठाय?” शेवटी भिंतीवर उपदेशच गेला. भुजंगनं तो मुकाट्यानं रंगवला आणि जाताना ती चिठ्ठी उचलून खिशात घातली.

“आप्पा, असली ओळ मी जिंदगीत रंगवली न्हाई. तुमी लय मोठे मानूस हाव.”

आप्पा त्यावर गप्प बसले. तिथंच सगळं चुकलं.

कारण ओळ त्यांची नव्हती, गंगम्माची होती. भुजंग पहिल्यांदा घरी आला तेव्हा आप्पा दारात नुसतेच उभे राहिले होते. ये म्हणवेना की बस म्हणवेना. आतून पदराला हात पुसत गंगम्मा आली आणि म्हणाली, “आत या भावजी. बोलायलाच पाहिजे असं नाही. आमच्या घरात कोणीच बोलत नाही.” मग चहा झाला. पुढं जो कोणी उंबऱ्याशी अवघडला त्याला ती हेच म्हणायची. भुजंग ते केव्हाच विसरला असावा. आप्पा विसरले नव्हते. त्यांनी ती ओळ कागदावर उतरवली, शाबासकी मिळाली ती ठेवून घेतली, आणि घरी येऊन गंगम्माला काहीच सांगितलं नाही. आयुष्यात त्यांच्या लिहिण्याला एवढी एकच दाद मिळाली होती.

यंदा दसरा होऊन चार दिवस झाले होते. दुपारी आप्पा ओसरीवर वाचत बसले असताना दारात एक बाई उभी राहिली. पंचविशी ओलांडलेली, ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत निळा रंग.

“शिवरुद्र आप्पा तुमीच ना? मी शिवकन्या. भुजंग पेंटरची.”

आप्पा उठून उभे राहिले.

“उभे काऊन राहिलाव? मी काय तहसीलदार हाय का?” ती हसून पायरीवर टेकली. “तुमच्या शाळेच्या कंपाउंडचं काम घेतलंय मी. शनिवारपर्यंत हाय इथं. बा म्हनला, पालमला जायलीस तर आप्पा जित्ते हायेत का बघून ये.”

“आहे,” आप्पा म्हणाले.

“ते दिसायलंय.”

तिनं पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला. मग थांबत थांबत बोलली. रस्ता रुंद होणार होता. दिवाळी झाली की घराची पुढची भिंत जाणार, ओळीसकट. गावाचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, बाचंही नव्हतं. पण कोपऱ्यातली चौकट तो अजून सोडायला तयार नव्हता.

“दर दसऱ्याला गेरू कालवून ती चौकट नवी करतो. अकरा वर्षं झाली. आत काय? काईच न्हाई! सिमेंटवाले आले, कोचिंगवाले आले, पैसे देतो म्हनले. बा म्हनतो, धरलेली हाय. अरे कुणी धरली? तर पालमच्या आप्पानं. आता एका डोळ्याला मोतीबिंदू हाय, हात थरथरायलाय. तरी म्हनतो, पडायच्या आधी नाव मी माझ्या हातानं टाकनार.” तिनं आप्पांकडं सरळ पाहिलं. “त्याला वाटतंय तुमी नाराज हाव. गरिबाच्या भिंतीवर नाव नको वाटलं असंल म्हनतो.”

“नाही, नाही,” आप्पा घाईनं म्हणाले. “तसं नाही.”

“मग कसं? फोन लावून देऊ का? आता लावते.”

तिनं खरंच मोबाइल काढला. आप्पांनी दोन्ही हात असे वर केले, जणू समोर बैल उधळत आला होता. शिवकन्यानं मोबाइल खिशात टाकला.

“बरं, राहू द्या. काकू कुठायेत? बा लय नाव काढतो त्यांचं.”

आप्पांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. ती उठली, फोटोसमोर जाऊन हात जोडले, आणि चप्पल घालून गेली.

ती गेल्यावर घर नेहमीपेक्षा रिकामं वाटलं. रिकाम्या घराची आप्पांना सवय होती. पण वालूरला आपल्या नावानं एक रिकामी चौकट आहे आणि एक माणूस तिला दर वर्षी रंग देतो, याची नव्हती. खरं कळवलं तर भुजंगच्या मनातला मोठा माणूस त्या भिंतीच्या आधी कोसळणार. आणि जगात त्यांना मोठं मानणारा तेवढा एकच जण उरला होता. न कळवलं तर भिंत पडेल, चौकट जाईल, आणि गंगम्माचं एकुलतं वाक्य कायमचं नवऱ्याच्या नावावर राहील. त्यांनी स्टूल घेऊन शब्दकोश खाली काढला. पत्राच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षरांची सावली तशीच होती.

शुक्रवारी सकाळी ते शाळेकडं गेले. शिवकन्या एकटीच भिंतीवर माप घेत होती.

“आप्पा, बरं झालं आलात. हे टोक धरा. घट्ट.”

निळीत बुडवलेली दोरी होती. एक टोक आप्पांच्या बोटांत, दुसरं तिच्या. तिनं मधोमध दोरी ओढून सोडली. चुन्यावर सरळ निळी रेघ उमटली आणि आप्पांच्या सदऱ्यावर निळे शिंतोडे उडाले.

“हलवू नका. अजून एक.”

दोरीचं टोक धरलेलं असताना, भिंतीकडं बघत, आप्पा म्हणाले, “ती ओळ माझी नाही.”

“कोनती?”

“तुमच्या भिंतीवरची. तुझ्या काकूची आहे. ती दारात आलेल्याला म्हणायची. मी नुसती लिहून दिली.”

शिवकन्यानं दोरी सोडली नाही. “मग हे बाला सांगितलं का न्हाई?”

“तो मला मोठा म्हणाला होता.”

तिनं दोरी पुन्हा ताणली. मग फट्‌कन दोरी सुटली आणि दुसरी रेघ उमटली.

“तूच सांग ना घरी गेल्यावर,” आप्पा म्हणाले.

“मी न्हाई. मी भिंती रंगवायला आलेय, निरोप्या न्हाई. त्यानं कागद पाठवला, तुमी कागद पाठवा. आजच टाका, दिवाळीच्या आत पोचंल.” आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, “बा चिडंल. चिडू द्या. त्याला कुणावर चिडायला तरी कुठं मिळायलंय? चिडून झालं की येऊन बसा म्हनंल.”

पोस्टातून आप्पांनी आंतरदेशीय घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. मसुदा केला नाही.

‘भुजंग, तुझ्या पत्राला अकरा वर्षांनी उत्तर लिहितो आहे. पत्र आलं तेव्हा गंगम्माला जाऊन तीन आठवडे झाले होते. ती ओळ माझी नव्हती. तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा ती तुला दारात जे म्हणाली, तेच मी कागदावर उतरवलं. तू मला मोठा माणूस म्हणालास आणि मी गप्प राहिलो. तू अकरा वर्षं जागा धरलीस, ती तिची आहे. गंगम्मा एवढंच नाव टाक. सावली देता आली तर दे. तुला चालणार असेल तर भिंत पडायच्या आधी येऊन बघीन. शिवरुद्र.’

पुन्हा वाचलं तर त्यात चुका दिसतील, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाचलं नाही. कडांना डिंक लावताना सदऱ्यावरची नीळ बोटाला लागली आणि बोटाची कागदाला. ते पुसायला गेले, तर ती आणखीच पसरली.

बाहेरच्या लाल पेटीशी ते जरा वेळ उभे राहिले. मागून कोणी तरी विचारलं, “टाकायचंय का आजोबा? का बघायलाव नुसतं?”

“टाकायचंय,” म्हणून त्यांनी पत्र आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकायला थोडं वाकले.