हलता हात

चौथ्यांदा चावली, तरी एडगर थॅक्रेने हात मागे घेतला नाही. जिनी या मुंगसासारख्या पाळीव फेरेटचे दात अंगठ्याच्या मुळाशी रुतले होते आणि म्हातारा उलट हात पुढेच रेटत होता. मग दुसऱ्या हाताने त्याने तिची मानगूट धरून तिला उचललं. मानगूट धरली की कितीही पिसाळलेलं फेरेट ओल्या मोज्यासारखं लोंबकळतं आणि जांभई देतं. जिनीनेही दिली.

"झालं? जा, डोकं थंड करून ये," म्हणत त्याने तिला पेटीत ठेवलं.

मुलगी जॅनिस मलमपट्टी घेऊन उभीच होती. सत्त्याहत्तराव्या वर्षी ही थेरं पुरेत, असं ती आठवडाभर बजावत होती. येत्या रविवारपर्यंत जनावर सुधारलं नाही, तर पलीकडच्या गावातला, शिकारीसाठी सशांच्या बिळांत फेरेटं सोडणारा माणूस जिनीला घेऊन जाणार होता.

"तिची तरी काय चूक, बाबा? तुमचा हात हलतो. तिला उंदीर वाटतो."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. खाणीत माणसं उतरवणारा पाळणा एकतीस वर्षं याच हातांनी खाली-वर केला होता. चाळीस माणसं काळोखात सोडायची आणि तळाला अशी टेकवायची की कुणाच्या डब्यातला चहा हिंदकळू नये. मग खाण बंद झाली, बायको गेली आणि दोन वर्षांपूर्वी हाताला कंप सुटला. आता हे स्वीकारायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी प्रेमाने सांगितलं होतं. एडगरला ते प्रेम अजिबात आवडलं नव्हतं.

"हात काही थांबायचा नाही," तो म्हणाला. "मग तिनेच शिकायचं."

आजवर तो एका हाताने दुसऱ्याचं मनगट दाबून धरायचा. सोमवारपासून ते बंद. मुठीला कच्च्या अंड्याचा बलक फासायचा आणि मूठ तशीच, थरथरती, तिच्यापुढे धरायची. जिनी पाठीची कमान करून तिरक्या उड्या मारी, शेपूट फुलवून चुकचुके. तो वाट पाही. चावली की तीन मिनिटं पेटीत, चाटलं की आणखी बलक. बुधवारी तिने नुसते दात लावले. शुक्रवारी मूठ चाटून लख्ख केली. शनिवारी ती त्याच्या तळव्यावर झोपली, हाताबरोबर स्वतःही हलत.

रविवारी जॅनिस पिंजरा घेऊनच आली. त्याने सारं करून दाखवलं, पण तिची खात्री पटेना.

"तुम्हाला नाही चावली. मला चावली तर?"

तिने हात पुढे केला. सरळ, निश्चल हात, त्याच्या जुन्या हातासारखाच. जिनी फिसकारून मागे सरली. जॅनिसने पिंजऱ्याकडे पाहिलं.

"थांब," एडगर म्हणाला. "तिच्या लेखी हात म्हणजे हलणारा. जरा हलव."

थट्टा करताय का, असं तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मग ती बोटं हलवू लागली. आधी जमेना. तिने बापाच्या हाताकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि हळूहळू तिला तो ठेका सापडला. जिनी पुढे आली, हुंगून चाटू लागली आणि तळव्यावर हनुवटी टेकून पडली.

जॅनिसचे डोळे भरून आले. तिने पायाने पिंजरा टेबलाखाली सारला. हात मात्र थांबवला नाही.