मधाच्या रंगाचा खडा

मी मुतखडा बोलतोय. तोंड वाकडं करू नका, मीही थोडंफार जग पाहिलंय.

एका बेकरीवालीच्या डाव्या मूत्रपिंडात माझा जन्म झाला. काय जागा होती ती! जेमतेम मुठीएवढी. पण तिथं रक्त अखंड येई, गाळलं जाई आणि शरीराच्या कामाचं जे जे असेल ते पुन्हा आत उचललं जाई. हुकूम सोडणारं कुणी नाही, तरी काम बिनबोभाट. मी थक्क होऊन बघत राहायचो.

फक्त सिस्टिन नावाचा एक पदार्थ मागं राहायचा. त्याला आत घेणारी दारंच तिच्या शरीरात नीट घडली नव्हती. तो लघवीत नीट विरघळेना. त्याचेच कण एकमेकांना चिकटत गेले आणि मी वाढलो.

मी जरा सरकलो की ती पिठाच्या टेबलावरच ओणवी व्हायची. गल्ल्यावरचा थोरला भाऊ धावत यायचा.

"अगं, किती वेळा सांगायचं? टोमॅटो सोड!"

"दादा, कधीच सोडलेत रे," ती कण्हत म्हणायची.

माझ्याआधीचे खडे काढून फेकून दिले होते. मला मात्र बाहेर काढल्यावर डॉक्टरबाईंनी उजेडात धरलं. मी पिवळट, मधासारखा. "हा नेहमीचा दिसत नाही," त्या पुटपुटल्या आणि माझा एक तुकडा तपासायला पाठवला.

अहवाल आल्यावर त्यांनी बहीणभावाला आणि त्यांच्या आईला समोर बसवलं.

"हे हिच्या खाण्यामुळं झालेलं नाही. जन्मतःच आलंय. बिघडलेलं एक जनुक आईकडून, एक वडिलांकडून. एकच असलं तर सहसा त्रास होत नाही, म्हणून तुम्हा आईवडिलांना कधी कळलं नाही."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे लेकीला हे मी दिलं?"

"हिचे डोळेही तुमच्यासारखेच आहेत की! असं निवडून देता येतं का कुणाला?"

बेकरीवाली भावाकडं बघत होती. मग एकदम म्हणाली, "आणि दादाला?"

"मला?" तो हसला. "माझं कधी पोटसुद्धा दुखलं नाही."

"तू आधी तपासून घे," म्हणत तिनं त्याला हाताला धरून उठवलंच.

सोनोग्राफीत त्याच्या उजव्या मूत्रपिंडात माझ्याहून मोठा खडा निघाला. दुखणं नाही, खुपणं नाही, आणि मूत्रपिंड सुजायला लागलेलं. "आणखी उशीर झाला असता तर हे हाती लागलं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली, मूत्रपिंड वाचलं. बहीण बाहेरच्या बाकावर बसून ओंजळीत तोंड लपवून रडली. स्वतःच्या दुखण्यात ती एकदाही रडली नव्हती.

आता दोघं भरपूर पाणी पितात, मीठ कमी खातात, लघवीतलं आम्ल कमी करणारं औषध घेतात. जनुक बदलता येत नाही, पण माझ्यासारख्यांचं वाढणं रोखता येतं.

माझा उरलेला भाग डॉक्टरबाईंच्या कपाटात काचेच्या बाटलीत आहे. डोळ्यांना न दिसणारा एक बिघाड, दोन माणसांकडून नकळत आला, आणि त्याचा मी एवढा खडा झालो! अजून नवल वाटतं.

एकच विनंती. खडा बाहेर पडला की सुटलो म्हणून फेकून देऊ नका. तो कशाचा बनलाय ते आधी विचारून घ्या. आम्ही दुखवतो खरे, पण खोटं बोलत नाही.