विठ्ठलरावांची उजवी जांघ

उमापूरच्या विठ्ठलरावांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. बीडच्या एका दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनींनी पोट न फाडता ती दुरुस्त केली. दोन्ही जांघांतल्या धमन्यांना भोकं पाडून कापडी नळी आत सरकवली, योग्य जागी बसवली आणि शेवटी दोऱ्याने ती भोकं बंद केली. ऑपरेशन झकास झालं. विठ्ठलरावांना अतिदक्षता विभागात आणलं आणि बजावलं, "पाय सरळ ठेवायचे. मान उचलायची नाही. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

आता विठ्ठलराव म्हणजे गावातला असा माणूस, की दारात कुणीही आलं तरी उभं राहून रामराम घालणार. दुपारी त्यांचे व्याही भगवानराव भेटायला आले आणि विठ्ठलराव सवयीनं कोपरावर रेटा देऊन अर्धे उठले.

"या या, रामराम!"

रामराम पुरा व्हायच्या आत उजव्या जांघेवरची पट्टी लाल झाली.

नर्स ऋतुजा धावत आली. तिने भगवानरावांना बाहेर काढलं, पट्टी बाजूला केली आणि हातमोजे घातलेली बोटं भोकावर घट्ट दाबली. डॉक्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र लावून पाहिलं.

"डावीकडचं छान बंद झालंय. उजवीकडून थोडं झिरपतंय. धमनी कडक झालेली आहे ना, दोरा तिथं नीट बसत नाही. ऋतुजा, दाबून धर. बीपी खाली आलं की थांबेल."

पण बीपी कुठं खाली येतंय? एक तर विठ्ठलराव घाबरलेले, त्यात नातीच्या वयाची पोरगी जांघेत हात रोवून उभी. लाजेनं त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पडद्यावरचा आकडा वरच चढत होता.

ऋतुजाने बाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोला, बायनाबाईंना, आत बोलवायला सांगितलं. "मावशी, बाबांशी जरा बोला. त्यांचं मन शांत झालं पाहिजे."

बायनाबाई खाटेजवळ आल्या, लाल झालेला कापूस बघितला आणि त्यांच्या तोंडून आलं, "कावून उठलात? व्याही काय पळून जात व्हते का? आन् त्या बिड्या! किती येळा सांगितलं, सोडा म्हणून!"

आकडा आणखी चढला.

"मावशी, असं नाही हो! काहीतरी गोड बोला."

"गोड?" बायनाबाई गोंधळल्या. इतक्या वर्षांच्या संसारात असं काम त्यांच्यावर कधी आलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग विठ्ठलरावांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, आपुन लग्नानंतर सायकलीवर गेवराईला गेलतो, ध्यानात हाय का?"

विठ्ठलरावांनी एक डोळा उघडला.

"काय झालं होतं?" ऋतुजाने विचारलं.

"ह्यांचं तोंड लई चालतं गं. सायकल हाणता हाणता सारखं बोलत व्हते. खड्ड्यात दणका बसला अन् मी मागून खाली पडले. ह्यांना पत्ताच न्हाई! तसेच बोलत गेले फुडं."

"बापरे! मग?"

"मग काय? मी बाभळीखाली बसले. तिथं कडूबाई म्हणून एक मेंढरावाली व्हती, तिनं दूध दिलं प्यायला. लई राग आलता. म्हणलं, आता सरळ माहेरी जावं. तेवढ्यात हे पळत आले. सायकल कुठं तरी टाकलेली, पायात एकच चप्पल, अन् डोळ्याला धारा."

"धूळ गेलती डोळ्यात," विठ्ठलराव पुटपुटले.

"रडत व्हते! त्याच येळी म्हणलं मी मनात, ऱ्हावं ह्याच माणसाजवळ. जीव हाय ह्याचा आपल्यावर."

विठ्ठलरावांनी दुसराही डोळा उघडला. "हे कधी बोलली न्हाईस मला."

"तुमी बोलू दिलं कधी?"

विठ्ठलरावांना हसू फुटलं. "बाबा, हसायचं नाही, पोट हलतंय!" ऋतुजा ओरडली, पण ती स्वतःच खुदखुदत होती. बायनाबाईंनी पदर तोंडाला लावला. पडद्यावरचा आकडा मात्र हळूहळू उतरायला लागला होता. विठ्ठलराव आता गप्प पडून बायकोकडे बघत होते आणि त्या आपल्या बोलत होत्या. घरच्या गाईचं सांगत होत्या, शेजारच्या विमलबाईंचं सांगत होत्या.

बऱ्याच वेळाने डॉक्टर आल्या. ऋतुजाने जपून बोटं उचलली. सगळे त्या जागेकडे बघत राहिले. रक्ताचा टिपूस नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली, पायाची नाडी चाचपली आणि मान डोलावली.

"थांबलं. आता नवी पट्टी. आणि बाबा, मुख्यमंत्री आले तरी उठायचं नाही."

ऋतुजा आखडलेली बोटं झटकत चहा प्यायला गेली. विठ्ठलरावांनी मान न उचलता बायकोचा हात धरला.

"तेवढं स्टूल जवळ घे," ते म्हणाले. "आन् अजून काय काय ऱ्हायलंय सांगायचं?"

"लई हाय," बायनाबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.