रंगाखालची धाकटी पाती

गोंदणाऱ्या मालनने तिसरा रंग जगदेवरावांच्या मनगटाजवळ लावला, कातडीशी जुळतो का ते पाहायला हात उन्हात धरला आणि मान हलवली.

"भिया, हा तर खुर्चीत बसणाऱ्या साहेबाचा रंग झाला. तुम्हाला अजून काजळी लागेल."

जगदेवरावांनी काजळी वाढवायला सांगितली. हाटपिपल्याच्या बाजारात भोवती चार माणसं जमली होती. त्यांतल्या कांदेवाल्याचं मत गेरूकडे झुकत होतं.

देवासला अगदी परवापर्यंत दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. काही ठिकाणी मधे नुसता रस्ता. आपलं पोर रस्ता ओलांडून पलीकडच्या राज्यात जमा होऊ नये, म्हणून वडिलांनी जगदेवरावांच्या हातावर लहानपणीच ‘धाकटी पाती’ गोंदवून घेतलं होतं. पोर कधी हरवलं नाही. मोठेपणी ते त्याच पातीच्या दफ्तरखान्यात शिपाई झाले. मग दोन्ही राज्यं मध्यभारतात विलीन झाली आणि धाकटी पाती काय ती त्यांच्या हातावर उरली. तीही फिकट, हिरवट.

वर्षभर ते घरी बसून होते. सुभद्राबाईंनी आताशा टोमणे मारणंही सोडलं होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटे. नव्या कचेरीत शिपायाची एकच जागा निघाली. भरती दत्तोपंतांकडे, आणि दत्तोपंत स्वतःला थोरल्या पातीचे म्हणवत. ते आपलीच माणसं घेणार, हे गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

म्हणून हातावरची अक्षरं कातडीच्या रंगाखाली झाकायला मालनची सुई चालली. महिन्याने खपली गेली तेव्हा हात इतका कोरा झाला होता, की सुभद्राबाईंनी खात्रीसाठी दुसराही हात पाहून घेतला.

"कुठल्या पातीचे?" कचेरीत दत्तोपंतांनी मान वर न करता विचारलं.

"थोरल्या, साहेब."

दत्तोपंतांनी टाक खाली ठेवला. सकाळपासून अकरा जण आले आणि अकराही थोरल्या पातीचे निघाले, असं ते थकून म्हणाले. भिंतीला धाकट्या पातीचे बस्ते छतापर्यंत रचलेले होते, आणि कुठल्या फडक्यात काय बांधलंय हे सांगणारा एक माणूस मिळत नव्हता.

जगदेवरावांनी बस्त्यांकडे पाहिलं. निम्म्या गाठी त्यांच्याच हातच्या होत्या.

"साहेब, मी धाकट्या पातीचा."

"आता बारावा धाकट्या पातीचा झाला. पुरावा?"

जगदेवरावांनी सवयीने बाही वर केली. दोघंही कोऱ्या हाताकडे बघत राहिले.

"इथं लिहिलेलं होतं," जगदेवराव म्हणाले. मग सुचलं तसं, न उघडता सांगून टाकलं, की हिरव्या फडक्यात देवस्थानं आहेत आणि लाल फडक्यात वतनं. दत्तोपंतांनी एक हिरवा बस्ता सोडून पाहिला. देवस्थानंच होती.

"उद्यापासून या."

जगदेवराव बाही खाली करू लागले, तोच दत्तोपंत उठले. त्यांनी दार लोटून घेतलं, तो हात खिडकीपाशी नेला आणि अंगठ्याने घासून पाहिला.

"हे झाकून देणारी गोंदणारी बाई कुठल्या वारी बसते?"

"शनिवारी, साहेब. पण दिवसाउजेडी जावं. रंग उन्हात जुळवावा लागतो."

दत्तोपंतांनी मान डोलावली आणि मनगटापर्यंत आलेली आपली बाही आणखी थोडी खाली ओढली.