चिकटवलेली अक्षरं

सभागृहात पाऊल टाकताच सुताराच्या नाकात डिंकाचा वास शिरला. स्वस्त, आंबूस, अजून पुरता न वाळलेला डिंक. त्यात फुग्यांच्या रबराचा वास आणि कागदी पेल्यांतल्या लालभडक सरबताचा. 

तो आला होता एका डब्यासाठी. त्याच्या बायकोनं याच शाळेत पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवण्यात जन्म घालवला होता. त्यासाठी लागणारी लाकडी अक्षरं त्यानंच तिला कापून दिली होती, प्रत्येक सुटं, कडा घासून गुळगुळीत केलेलं. ती एक अक्षर शेवटी ठेवायची, बहुतेक वेळा ळ, आणि म्हणायची, "शेपूट तेच, तोंड बदला!" मग पोरं पुढचं अक्षर बदलत बसायची. नळ, फळ, गळ, कळ. एखादं कार्टं भलतंच अक्षर लावून 'ठळ' म्हणायचं. वर्ग खिदळायचा. ती म्हणायची, "शब्द नसेना का, वाचलास ना बरोबर? झालं तर!"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. डबा शाळेतच राहिला.

आता नात पहिलीत होती. घटकाभर बूड टेकायची नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पण हल्ली शाळेची वेळ झाली की भिंगरी पोट धरून कोपऱ्यात बसायची. तिला एक शब्द वाचता येत नव्हता. आजी शिकवणार होती, ती आजीच राहिली नाही. म्हणून सुतारानं मुख्याध्यापिकेला फोन केला. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत.

"अहो, कार्यक्रमालाच या ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाईंच्या आठवणीसाठीच ठेवलाय. उद्घाटन तुमच्याच हातून. आणि डब्याचं तर सरप्राइज आहे!"

ते सरप्राइज आता पडद्यामागं होतं. त्याच्या हातात दोरी दिली, त्यानं ती ओढली. मागं एक मोठी फळी. वर बायकोचा फोटो, आणि फोटोखाली तिची अक्षरं, डिंकानं घट्ट चिकटवलेली, वरून चमकी मारलेली. 'ज्ञानाची सावली' असं काहीतरी त्यांतून जुळवलं होतं. उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून कडेनं नक्षीसारखी लावली होती. आडवी, उलटी, हाताला येतील तशी. शेपटीचा ळ एका कागदी फुलाचा देठ झाला होता.

टाळ्या पडल्या. जिच्या हातातली अक्षरं कधी जागेवर राहिली नाहीत, तिच्या नावानं ती कायमची खिळवून टाकली होती. सुताराच्या हातात अजून दोरी होती.

"इकडे बघा आजोबा, हसा जरा!" फोटोवाला म्हणाला.

"कशाला?"

"फोटो चांगला येतो."

तो हसला नाही. फोटो निघाला.

मग पहिलीची पोरं 'वाचून दाखवायला' उभी राहिली. भिंगरी पुढच्या रांगेत होती, ओठ हलवायला तयार. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, हे तिनं शाळेतच शिकून घेतलं होतं. बायकोच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी हातभर उंचीचं चित्रांचं पुस्तक धरलं. पोरं एका सुरात ओरडली,

"उंदीर शिरला घरात, शेपूट अडकलं दारात!"

आईबाप माना डोलवत होते. नव्या बाईंनी पान उलटलं. पण चमकीच्या डिंकानं पानं एकमेकांना चिकटली होती, ती दोन एकदम उलटली गेली. समोर आला भलामोठा हत्ती. पोरं थांबली नाहीत.

"मांजर बसलं खाटेवर, डोळा त्याचा ताटावर!"

कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. टाळ्या वाजल्याच. भिंगरीचे ओठ मात्र थांबले. तिनं चित्राकडे बघितलं, मग शेजारणीकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पण इथं तर हत्ती आहे!"

हॉलभर हशा पिकला. नव्या बाईंनी तिचा दंड धरून तिला मागच्या रांगेत ढकललं. भिंगरीनं पोट धरलं.

कार्यक्रम संपल्यावर मोठ्या बाईंनी सुताराला बाजूला घेतलं. "बरं झालं, तुम्हीच भेटलात. तुमची नात जरा मागं पडतेय. पुढच्या आठवड्यापासून तिला बालवर्गात बसवावं म्हणते मी."

"खेळणाऱ्या पोरांत?"

"तिच्या भल्यासाठीच हो."

"सगळ्यांत तिलाच तेवढा हत्ती दिसला, बाई."

"तेच म्हणते ना. पोर सगळ्यांबरोबर चालत नाही."

 सुतार फळीकडे बोट दाखवून म्हणाला, "माझी अक्षरं द्या. महिनाभरानं हिला तुमच्यापुढं उभी करतो. तोवर वर्ग बदलू नका."

त्याला वाटलं होतं, बाई चिडतील, शाळेची वस्तू म्हणतील. त्याची भांडायची तयारी होती. मोठ्या बाईंनी फळीकडे बघितलंसुद्धा नाही. "न्या की. फोटो काढून झालेत. महिना तर महिना."

एवढंच. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानं खिशातून पेचकस काढून फळीचे स्क्रू सोडवले. लग्नातसुद्धा हा खिशात पेचकस घेऊन उभा होता, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. फोटो काढून बगलेत धरला, फळी खांद्यावर घेतली आणि भिंगरीला म्हणाला, "चल गं."

घरी लेकीनं, भिंगरीच्या आईनं, फळी बघून कपाळावर हात मारला. "बाबा, हे काय ध्यान उचलून आणलंत?"

"तुझ्या आईचं सामान आहे. पाणी गरम कर."

अक्षरं बादलीत भिजत पडली. पाणी पांढरट झालं, वर चमकी तरंगली, डिंकाच्या शेंबडासारख्या तारा निघाल्या. दोन-तीन अक्षरं उपटताना दुभंगली. भिंगरी नखांनी डिंक खरवडत होती आणि दर वेळी "ई, शी!" म्हणत होती. पोटाचं नाव नव्हतं.

सुताराला शिकवता येत नव्हतं. बायकोला न्यायला जायचा तेव्हा वर्गाच्या दाराशी उभं राहून कानावर पडलं, तेवढंच. त्यानं ओला ळ पुसून जमिनीवर ठेवला. पुढं न ठेवला.

"हे काय?"

 हळूहळू भिंगरीचे ओठ हलायला लागले, नुसतेच.

"नुसते ओठ नकोत," तो म्हणाला. "मला ऐकू आलं पाहिजे. चुकलं तरी चालेल."

"न... ळ." ती थांबली. "नळ?"

"शेपूट तेच. तोंड बदल."

तिनं बादलीत हात घालून म काढला. "मळ." आपल्या काळ्या झालेल्या नखांकडे बघितलं आणि फिस्सकन हसली. मग ग. मग फ. मग हाताला आलेला ढ लावला आणि संशयानं वर बघितलं. "ढळ. असा शब्द असतो?"

सुताराला खरंच माहीत नव्हतं. जिला विचारावं, ती आता नव्हती.

"नसेना का," तो म्हणाला.  "वाचलंस ना बरोबर? झालं तर!"

भिंगरीनं पुन्हा बादलीत हात घातला. त्यानं आपले हात नाकाशी नेले. तोच घाण वास. तो साबण घेऊन उठणार होता, पण तिनं पुढचं अक्षर काढलं होतं, म्हणून तसाच बसून राहिला.