तोंड असलेला लॅपटॉप

छबूबाई गेल्याचं कळलं तेव्हा महिपती इंदापूरच्या बाजारात पेरूचे क्रेट उतरवत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याच्या खिशात वाजणारा फोन राजमहंमदनं काढून स्वतःच्या कानाला लावला. राजमहंमद त्याचा पोरवयापासूनचा दोस्त. सारी हयात जनावरांच्या बाजारात दलाली केलेला, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्यानं फोन ऐकला, महिपतीच्या हातातला क्रेट काढून खाली ठेवला आणि म्हणाला, "चल घरी." सकाळी चहा करून दिलेली बायको दुपारी राहिली नव्हती. गावी अंथुर्ण्यापर्यंत सगळ्या रस्त्यानं राजमहंमद गप्प बसला, तेव्हाच महिपतीला काय ते समजलं.

पावसाळा गेला, पेरूचा दुसरा बहार आला. घरात छबूबाईचे फोटो चार होते, पण आवाज कुठंच नव्हता. कुणी मोबाईल वर धरला की ती तोंडाला पदर लावून गप्प उभी राहायची. "फोटू तरी काढा, न्हायतर मला बोलू तरी द्या," म्हणायची, "दोन्ही एकदम व्हायचं न्हाय." तिचा आवाज एकाच ठिकाणी होता. लेक निकिताच्या लग्नाची सीडी. छबूबाईनंच ती ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवली होती. निकिताकडची दुसरी सीडी पुण्यात घरं बदलण्यात हरवली, आणि फोटोवाला दुकान बंद करून कधीच निघून गेला होता.

सीडी होती, पण लावायची कशात? जुना प्लेअर महिपतीनंच भंगारवाल्याला देऊन टाकलेला. निकिता फोनवर म्हणाली, "बाबा, कुरिअर करा. मी इकडं मोबाईलवर करून घेते."

"एकच हाय ती. मी न्हाय कुणाच्या हातात द्यायचो."

"मग लॅपटॉप घ्या एखादा. माझ्याशी मोठ्या पडद्यावर बोलाल, बाजारभाव बघाल, सातबारा निघंल. साधा घ्या, रोजच्या वापरापुरता."

हे महिपतीला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो राजमहंमदला घेऊन बारामतीला गेला. पिशवीत दोन सीड्या होत्या. एक लग्नाची. दुसरी ठिबकच्या कंपनीनं कधीतरी फुकट वाटलेली, माहितीची.

"दोन कशाला रं?" राजमहंमदनं विचारलं.

"दुकानात ठिबकची लावून बघायची. छबूला काय बाजारात उभी करायची व्हय?"

राजमहंमदनं लग्नाची सीडी पिशवीत खाली सरकवली.

पहिल्या दुकानात सगळा माल नवा, चकचकीत, पापडासारखा पातळ. महिपतीनं एक उचलला, चारी बाजूंनी फिरवला, खालून बघितला. "याला तोंड कुठाय?"

"कसलं तोंड?"

"सीडी खायचं."

दुकानदार हसला. "काका, नव्याला नसतं आता. जुनं बघा कुठंतरी."

जुनं मिळालं ते स्टँडच्या मागं, संदेशच्या दुकानात. संदेश तिशीतला, बडबड्या. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप पुण्याहून आणायचा, पुसून-दुरुस्त करून विकायचा. त्यानं कोपऱ्यातून एक काळा, जाड, वजनदार गडी काढला. बाजूचं बटण दाबल्यावर एक कप्पा जिभेसारखा बाहेर आला. महिपतीचा चेहरा उजळला.

"ह्योच," तो म्हणाला.

राजमहंमदनं त्याला कोपरखळी मारली. गिऱ्हाईकानं आवड दाखवली की भाव चढला, हे चाळीस वर्षं बाजारात उभं राहिलेल्याला सांगायला लागत नाही. तो पुढं झाला. खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि लॅपटॉपभोवती एक चक्कर मारली. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागरी कुरकुरली.

"गुडघ्यात आवाज हाय," तो म्हणाला.

"काका, तेल सोडतो की."

मग त्यानं बटणं एकेक दाबून बघितली. "दात बघ महिपती. जुळलेला हाय, पुऱ्या वयाचा. आन् हितं एक दात पडलाय."

"ते बटण कुणाला लागत नाही काका."

"बैलालाबी एका दातावाचून वैरण खाता येती, म्हणून काय भाव तोच ऱ्हातो?" राजमहंमदनं डोळे बारीक केले. "कुणाच्या दावणीचा?"

"पुण्यात एका ऑफिसात होता. हिशोबाच्या मॅडमकडं."

"का इकला? मारका हाय का?"

संदेशनं हात जोडले. "नाही हो. पाच वर्षं झाली की ते सगळेच बदलतात."

"जुंपून दाव."

ठिबकची सीडी आत गेली. पडद्यावर एक माणूस पाईपला भोकं कशी पाडायची ते सांगू लागला. संदेशला वाटलं, दोन मिनिटांत बघून होईल. पण राजमहंमदनं स्टूल ओढलं. बैल चार तास नांगराला चालवल्याशिवाय घ्यायचा नाही, हा त्याचा नेम. त्यानं फिल्टर धुण्यापासून खत सोडण्यापर्यंत सगळं बघितलं. संदेशनं मधे दोन गिऱ्हाइकं केली, चहा मागवला. शेवटी पडद्यावरचा माणूस नमस्कार करून गेला.

"चालतंय," राजमहंमद म्हणाला आणि उठला. त्यानं टॉवेल हातावर टाकला, टॉवेलाखालून संदेशचा हात धरला आणि त्याची बोटं दाबायला लागला.

"अहो काका! बोटं का मोडताय माझी?"

"भाव सांगतोय."

"तोंडानं सांगा की!"

"चार माणसांत भाव तोंडानं सांगत्यात व्हय? काय शिकवलं तुला बापानं?"

संदेश इतका हसला, इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता त्यानं भाव उतरवला आणि पिशवी आणायला आत गेला. तेवढ्यात राजमहंमदनं लॅपटॉपची वायर उपटली, व्यवस्थित वेटोळं केलं आणि काउंटरवर ठेवून दिली. महिपती पिशवी छातीशी धरून निघालाही होता. मागून संदेशनं हाक मारली, "काका, वायर!"

राजमहंमदनं दारातूनच हात उंचावला. "ऱ्हाऊ दे तुला. बरकत येऊ दे दुकानाला!" आणि समोर एसटी लागलेली दिसली म्हणून दोघं पळत सुटले.

चार वाजता महिपतीच्या सोप्यात निम्मी गल्ली जमली होती. शेजारची कुशाबाई सगळ्यांच्या पुढं, पाय पसरून बसलेली. महिपतीनं ब्लाऊजपीस सोडला, सीडी पुसली. इतक्या वर्षांची सीडी, लागंल का नाही कुणास ठाऊक. कप्पा आत गेला. आतून घरघर आली. थांबली. पुन्हा आली. आणि पडद्यावर गुलाबाची फुलं पडायला लागली.

"लागली गं बया!" कुशाबाईनं टाळी वाजवली.

मग एकेक माणूस पडद्यावर यायला लागलं आणि सोप्यात गलका उठला. हळदीत माखलेली निकिता. कुशाबाईची लांब काळी वेणी. "माझे केस बघा, आन् आता हे बघा," म्हणत तिनं डोक्यावरचा पदर काढून दाखवला. पंगतीत काळ्या दाढीचा एक उंच गडी वाढत होता.

"ह्यो देखणा कोन रं?" राजमहंमदनं विचारलं.

"तूच हायस. वरण सांडतोयस बघ, पावण्याच्या धोतरावर."

आणि मग छबूबाई आली. हिरव्या शालूत, तुरुतुरु चालत, आचाऱ्याकडं. "किती येळा सांगितलं, भातात मीठ बघा म्हणून!" तिचा तो चढा, खणखणीत आवाज सोप्यात फिरला. महिपती भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला. गल्ली पडदा सोडून त्याच्याकडं बघायला लागली. मग तो हसला. "मीठ खरंच कमी होतं," तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा पडद्याकडं वळले.

पडद्यावर बायांनी छबूबाईला घेरलं. "नाव घ्या, नाव घ्या!" तिनं नेहमीसारखा पदर तोंडाला लावला. मग हळूच खाली केला. एक श्वास घेतला.

पडदा काळा झाला.

महिपतीनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कुशाबाईनं लॅपटॉपच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"चार्जिंग संपलं असंल," मागून कुणीतरी म्हणालं. "वायर लावा."

महिपतीनं पिशवी उलटी केली. ठिबकची सीडी पडली. वायर नव्हती. त्यानं राजमहंमदकडं बघितलं. राजमहंमदचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मी ती सोडून ठेवली," तो म्हणाला.

"का?"

"दावं इकत्यात का कधी? जनावर द्यायचं, दावं आपल्या दावणीला ठेवायचं. न्हायतर इकणाऱ्याच्या गोठ्यातली बरकत जाती. जलमभर सोडत आलोय... हाताला सवय." तो खाली बघू लागला. "त्यानं हाक मारली, तर मी म्हणलं, ऱ्हाऊ दे तुला."

आधी कुशाबाईला हसू आलं, आणि मग ते कुणाला आवरेना. महिपती तर पोट धरून हसत होता. छबूबाई गेल्यापासून त्याला असं हसताना कुणी बघितलं नव्हतं.

संदेशला फोन लावून दाव्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मी तरी काय करू? काका दारातनं आशीर्वाद देऊन गेले. आणि खरं सांगू का, तुम्ही गेल्यापासून तीन लॅपटॉप खपले!"

"बघ," राजमहंमद महिपतीला म्हणाला.

संदेशनं स्टँडवर जाऊन वायर इंदापूरच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिली. हे त्या रस्त्याला रोजचंच. डबा, औषध, ट्रॅक्टरचा सुटा भाग, सगळं कंडक्टरच्या सीटखालून येतं. दिवेलागणीला निम्मी गल्ली फाट्यावर उभी. गाडी थांबली, कंडक्टरनं दारातून काळं वेटोळं बाहेर धरलं.

"जनावराचं दावं कुणाचं? बारामतीहून निरोप हाय, घट्ट बांधा म्हणावं!"

राजमहंमदनं पुढं होऊन ते दोन्ही हातांनी घेतलं.

वायर लावली. फुलं पुन्हा पडली, मीठ पुन्हा कमी झालं, बायांनी पुन्हा घेरलं. छबूबाईनं पदर खाली केला, श्वास घेतला आणि म्हणाली,

"पेरूच्या बागेत पोपटांची दाटी,
महिपतराव शोधा गं, गेले लाडवांच्या पाठी!"

पडद्यावरच्या बाया आणि सोप्यातल्या बाया एकदम हसल्या. कॅमेरा गर्रकन फिरला, आणि खरंच, पंगतीच्या कडेला हातात बुंदीचा लाडू घेतलेला महिपती सापडला. बाया त्याच्याकडं धावल्या. "आता तुमी घ्या नाव!" त्यानं तोंड पुसलं. "घेतो की. पंगत उठू द्या."

"लिहून घ्या गं," पाठीमागून छबूबाईचा आवाज आला. "ह्यो माणूस घ्यायचा न्हाय."

सोप्यातल्या सगळ्या माना महिपतीकडं वळल्या.

"भावजी," कुशाबाई म्हणाली, "पंगत उठली की हो आता."

महिपती उभा राहिला. टोपी नीट केली. "पेरूच्या बागेत..." तो म्हणाला.

"ते तिचं झालं! तुमचं घ्या!"

"विहिरीच्या काठावर..." पुढं काही येईना. गल्ली वाट बघत होती. राजमहंमद ओठ हलवून काहीतरी सुचवत होता, तेही जुळण्यातलं नव्हतं. शेवटी महिपती खाली बसला. "निकिता येणाराय म्हैन्याअखेर. तिच्यासमोर घेतो."

"लिहून घ्या गं!" कुशाबाई ओरडली, आणि पुन्हा हशा झाला.

त्या दिवसापासून लॅपटॉप सोप्यात कट्ट्यावर असतो. वायर खिळ्याला टांगलेली. महिपती सकाळी त्याच्यावर पेरूचा भाव बघतो, रविवारी निकिताशी बोलतो, आणि मनात येईल तेव्हा छबूबाईला भातातल्या मिठावरून भांडताना ऐकतो. बागेत पाणी धरताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत असतो. महिनाअखेर जवळ आली, तरी विहिरीच्या काठाशी जुळणारा शब्द त्याला अजून सापडलेला नाही. छबूबाईचं नाव घ्यायचं राहिलंय.